पिस्तुलाच्या स्लाइडवरचा संरक्षक थर: टिकाऊपणा नेमका कशात मोजायचा?

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा पोलादी भाग म्हणजे स्लाइड. गोळी सुटली की ती चौकटीच्या रुळांवरून झपाट्याने मागे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकते, स्प्रिंगच्या जोराने पुन्हा पुढे येते आणि येता येता नवे काडतूस नळीत ढकलते. हे काही क्षणांचे काम झाले. उरलेला सगळा वेळ ती म्यानात घासत असते, घामट हातांनी ओढली जात असते किंवा दमट कपाटात पडून असते. म्हणूनच पिस्तुलाचा संरक्षक थर किती चांगला आहे याची खरी परीक्षा स्लाइडवरच होते.

‘सर्वांत टिकाऊ थर कोणता?’ असे विचारले की कोणी काठिण्याचा आकडा पुढे करतो, कोणी मिठाच्या फवाऱ्यात तो किती तास तगला हे सांगतो, तर कोणी नुसतेच एखादे व्यापारी नाव घेतो. या तिन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण तिन्ही अपुरी आहेत, कारण टिकाऊपणा हा एकच गुण नाही. घासले जाऊनही न झिजणे हा एक गुण आणि ओलावा व क्षार यांना पोलादापर्यंत पोहोचू न देणे हा दुसरा. जो थर पहिल्यात सरस असतो तो दुसऱ्यात सरस असेलच असे नाही, आणि पुष्कळदा नसतोच. शिवाय, थर कुठेतरी फाटल्यावर त्याखालच्या पोलादाचे काय होते, हा तिसरा प्रश्न उरतो. माझ्या मते निवड करताना सर्वाधिक वजन या तिसऱ्या प्रश्नाला द्यायला हवे, आणि नेमका तोच सर्वांत कमी विचारला जातो.

झीज कुठे, गंज कुठे

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो, हे सर्वज्ञात आहे. मात्र गंज इतका घातक का ठरतो, हे समजून घेण्यासारखे आहे. तांबूस गंजाचे आकारमान तो ज्या लोखंडापासून बनला त्याहून बरेच जास्त असते; तो सच्छिद्र असतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि त्यामुळे खालच्या धातूला कोणताही आडोसा देत नाही. घामात मीठ आणि लॅक्टिक आम्ल असते. मिठामुळे पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता वाढते, म्हणून गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेग घेते. आणि मिठातला क्लोराइड हा घटक तर स्टेनलेस स्टीलवरच्या नैसर्गिक संरक्षक पापुद्र्यालाही ठिकठिकाणी भेदून सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतो.

आता अनेक वर्षे कमरेला बाळगलेल्या, जुन्या पद्धतीने निळ्या-काळ्या केलेल्या एखाद्या स्लाइडकडे जवळून पाहावे. नळीच्या तोंडाजवळच्या दोन्ही कडा चकचकीत रुपेरी झालेल्या दिसतात, कारण म्यानात जाता-येता पहिला घसारा त्यांनाच लागतो. त्यांच्या मागे बाजूच्या सपाट भागावर काळा रंग विरळ होत तपकिरी छटेकडे झुकलेला असतो. पण नारिंगी ठिपके या रुपेरी कडांवर सहसा दिसत नाहीत. ते दिसतात मागच्या बाजूला, बोटांच्या पकडीसाठी कोरलेल्या खाचांच्या तळाशी आणि मागच्या नेमदर्शकाच्या कोपऱ्यात, जिथे काहीच घासत नाही पण घाम साचून राहतो. कडांवर झीज सोसणारा थर हवा, खाचांच्या तळाशी गंज रोखणारा थर हवा, आणि स्लाइड मात्र एकच आहे.

याशिवाय आतली झीज असते ती वेगळीच. चौकटीच्या रुळांवर बसणाऱ्या खोबणी, नळीचा मागचा भाग जिथे स्लाइडच्या खिडकीत अडकतो ती जागा, काडतुसाच्या बुडाला टेकणारा सपाट भाग, या सर्व ठिकाणी धातूवर धातू आदळतो आणि घसरतो. इथे थराची जाडीही महत्त्वाची ठरते. कारण खोबणीच्या दोन्ही भिंतींवर प्रत्येकी २५ मायक्रॉनचा लेप चढला तर खोबण ५० मायक्रॉनने अरुंद होते, आणि काटेकोर मापात बसवलेल्या पिस्तुलात एवढा फरकही स्लाइड अडखळायला पुरेसा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुढे सर्वत्र हेच माप येणार आहे.

थराआधी पोलाद

थरांची तुलना करण्यापूर्वी खाली कोणते पोलाद आहे ते पाहिले पाहिजे. पुष्कळ स्लाइड ४१४० किंवा ४३४० या जातींच्या मिश्र पोलादाच्या असतात. त्यांत क्रोमियम जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असते. ते पोलादाला कणखर बनवते, पण गंजापासून वाचवत नाही. स्टेनलेस म्हणवण्यासाठी किमान १०.५ टक्के क्रोमियम लागते. स्लाइडसाठी वापरल्या जाणाऱ्या ४१६ या जातीत ते १२ ते १४ टक्के, तर १७-४ पीएच या जातीत १५ ते १७.५ टक्के असते. ४१६ मध्ये यंत्रावर कातकाम सोपे व्हावे म्हणून मुद्दाम गंधक मिसळलेले असते आणि त्याची किंमत गंजरोधकतेत मोजावी लागते. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ या जातीइतकी गंजरोधकता यांच्याकडून अपेक्षू नये. स्टेनलेस स्लाइड गंजत नाही हा समज त्यामुळे चुकीचा आहे. ती उशिरा गंजते, आणि गंजलीच तर सर्वभर न गंजता ठिपक्याठिपक्यांनी खड्डे पडून गंजते.

स्टेनलेसची दुसरी अडचण अशी की सारख्याच प्रकारचे दोन स्टेनलेस पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांवर घासले तर ते सूक्ष्म पातळीवर चिकटतात आणि परस्परांना ओरबाडतात. चौकट आणि स्लाइड दोन्ही स्टेनलेसच्या असलेल्या सुरुवातीच्या पिस्तुलांत हा दोष प्रकर्षाने दिसला. दोन्ही भागांचे काठिण्य वेगवेगळे ठेवणे, त्यांसाठी वेगवेगळ्या जातींचे पोलाद वापरणे किंवा एका भागावर कठीण थर देणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

जुन्या दोन पद्धती

ब्लूइंग, म्हणजे पोलादाला निळसर काळे करणे, ही पद्धत दिसायला आजही सर्वांत देखणी आहे आणि संरक्षणात सर्वांत दुबळी. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटसारखे क्षार यांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रावणात पोलाद बुडवले की पृष्ठभागावर मॅग्नेटाइटचा काळा थर तयार होतो. मॅग्नेटाइट हेही लोखंडाचे ऑक्साइडच, पण ते तांबूस गंजासारखे भुसभुशीत नसते. धातूला घट्ट धरून राहते. त्याची जाडी मात्र एखाद-दोन मायक्रॉनपलीकडे जात नाही. तेलाशिवाय हा थर गंज फारसा रोखू शकत नाही. खरे संरक्षण तेल करते आणि थर ते तेल धरून ठेवायला मदत करतो. याहून जुन्या, सावकाश पद्धतीत पोलादावर आधी मुद्दाम तांबडा गंज आणला जातो, मग ते पाण्यात उकळून त्या गंजाचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर केले जाते, सुटी पूड तारेच्या मऊ ब्रशने झाडली जाते आणि हेच चक्र अनेक वेळा फिरवले जाते. त्यातून येणारा थर अधिक चिवट असतो, पण कष्टही तितकेच पडतात.

फॉस्फेटचा थर, ज्याला पार्करायझिंग म्हणतात, दिसायला राखाडी आणि खरखरीत असतो. लोखंडावर फॉस्फेटचा थर देण्याच्या प्रक्रियेचे पेटंट टॉमस वॉट्स कॉस्लेट या ब्रिटिश संशोधकाने १९०६ साली घेतले. पुढे अमेरिकेत पार्कर यांच्या कंपनीने ती विकसित केली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्कराच्या १९११ए१ पिस्तुलांमुळे ती सर्वपरिचित झाली. उकळीच्या जवळ तापवलेल्या फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणात झिंक किंवा मँगनीज फॉस्फेटचे स्फटिक पोलादावर वाढतात. हे स्फटिकजाल सच्छिद्र असते आणि हाच त्याचा गुण ठरतो, कारण छिद्रांत मुरलेले तेल पुसून लगेच जात नाही. कोरडे ठेवले तर तेही गंजते. मँगनीज फॉस्फेट हे आजही लेपाखालचे अस्तर म्हणून फार उपयोगी पडते; त्याचा उल्लेख पुढे येईल.

क्रोम आणि निकेल: वरून चढवलेला धातू

कठीण क्रोम म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेला क्रोमियमचा थर. शोभेच्या क्रोमपेक्षा तो जाड असतो आणि त्याचे काठिण्य रॉकवेल सी मापावर ६५ ते ७० च्या घरात जाते, म्हणजे कानशीही त्यावर घसरते. झिजेपुरते बोलायचे तर हा अव्वल दर्जाचा थर आहे. पण त्याच्या अंगभूत रचनेतच केसांहून बारीक भेगांचे जाळे असते आणि त्या भेगांतून ओलावा सावकाश खाली पोहोचू शकतो. दुसरे असे की वीज टोकांकडे आणि कडांकडे अधिक ओढली जाते. त्यामुळे कडांवर थर जाड आणि खोबणीच्या आत पातळ बसतो. तिसरी बाब सुरक्षिततेची आहे: मुलामा चढवताना सुटणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरला तर ते ठिसूळ होते, म्हणून मुलाम्यानंतर वस्तू काही तास सुमारे १९० अंशांना भाजून तो हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. हे भाजणे ज्या कारखान्यात वगळले जाते तिथे काम देऊ नये. या प्रक्रियेत लागणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून त्याचे संयुग असलेले क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही.

निकेलच्या बाबतीत वीज न वापरता, केवळ रासायनिक क्रियेने मुलामा देण्याची पद्धत अबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत विकसित केली. द्रावण जिथे जिथे पोहोचते तिथे तिथे निकेल आणि फॉस्फरस यांचा मिश्र थर सारख्याच जाडीचा बसतो: कडेवर जेवढा, तेवढाच स्लाइडच्या आतल्या खोबणीत. फॉस्फरसचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असेल तर थराची रचना काचेसारखी, स्फटिकविरहित होते आणि गंजाला शिरायला स्फटिकांमधले सांधेच उरत नाहीत. चारशे अंशांच्या आसपास तापवल्यास तोच थर क्रोमच्या जवळपास कठीण होतो. मात्र तापवल्याने स्फटिक तयार होतात आणि गंजरोधकता थोडी घटते. म्हणजे इथेही दोन गुणांत देवाणघेवाण आहेच. याच थरात टेफ्लॉनचे सूक्ष्म कण मिसळून केलेला एनपी३ नावाचा प्रकार पिस्तुलांवर विशेष लोकप्रिय झाला. तो तेलाशिवायही गुळगुळीत सरकतो आणि बारुदाची काजळी त्यावर घट्ट बसत नाही.

आता तो तिसरा प्रश्न. क्रोमियमच्या पृष्ठभागावर स्वतःचा संरक्षक पापुद्रा असतो आणि निकेलही लोखंडापेक्षा रासायनिकदृष्ट्या कमी क्रियाशील आहे. त्यामुळे थर अखंड असेपर्यंत सर्व ठीक चालते. पण त्याला एखादे छिद्र पडले आणि तिथे खारट ओलावा पोहोचला की आजूबाजूचा विस्तीर्ण मुलामा आणि छिद्रातले इवलेसे उघडे पोलाद यांचा मिळून विद्युतघट तयार होतो. या घटात बळी पोलादाचा जातो आणि तोही एकाच ठिकाणी, म्हणून गंज खोल उतरतो. जस्ताचा थर स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, निकेल आणि क्रोम नेमके उलटे वागतात. म्हणून अशा मुलाम्याचे पोलाद मुळात स्टेनलेस असेल तर फार बरे. जाता जाता एक सूचना: विजेने दिलेल्या निकेलखाली पुष्कळदा तांब्याचे पातळ अस्तर असते, आणि गोळ्यांमुळे नळीत चिकटलेले तांबे काढण्यासाठी बनवलेल्या काही द्रवांत अमोनिया असतो. तो छिद्रांतून खाली झिरपला तर अस्तर विरघळते आणि वरचे निकेल पापुद्र्यांनी सुटते.

नायट्रायडिंग: पोलादच बदलणे

येथवरच्या पद्धतींत पोलादावर काहीतरी बसवले किंवा वाढवले जात होते. नायट्रायडिंगमध्ये पोलादाचा पृष्ठभागच बदलला जातो, आणि माझ्या दृष्टीने स्लाइडसाठीचा हा सर्वांत समंजस मार्ग आहे.

स्लाइड ५६० ते ५९० अंशांच्या दरम्यान तापवलेल्या, सायनेटयुक्त वितळलेल्या क्षारांत बुडवली जाते. त्या तापमानाला नायट्रोजन आणि थोडा कार्बन पोलादात शिरतात. अगदी वर १० ते २० मायक्रॉन जाडीचा लोह-नायट्राइडचा दाट थर तयार होतो. त्याखाली काही दशांश मिलिमीटरपर्यंत नायट्रोजन विरळ होत विखुरलेला असतो. वरचा थर झीज आणि गंज दोन्ही रोखतो, खालचा प्रदेश त्याला भक्कम बैठक देतो. पृष्ठभागाचे काठिण्य रॉकवेल सी मापावर साठीच्या पुढे जाते, तर स्लाइडचे अंतरंग तीस-चाळीसच्या आसपास राहते. म्हणजे वरून कठीण आणि आतून लवचिक असे दोन्ही गुण एकाच तुकड्यात मिळतात. यानंतर स्लाइड ऑक्सिडीकरण करणाऱ्या दुसऱ्या क्षारकुंडात बुडवली की काळा मॅग्नेटाइट तयार होतो. मधे पॉलिश करून पुन्हा हेच केले तर त्याला क्यूपीक्यू (क्वेंच-पॉलिश-क्वेंच) म्हणतात.

या एकाच कुळातील प्रक्रियेला जर्मन भाषक जगात टेनिफर, इंग्रजीत टफट्राइड आणि अमेरिकेत मेलोनाइट अशी व्यापारी नावे मिळाली. पिस्तुलांच्या जगात ती रूढ झाली ऑस्ट्रियाच्या ग्लॉकमुळे. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक १७ ची स्लाइड अशाच प्रक्रियेतून गेलेली होती. आज अनेक उत्पादक तिची वेगवेगळी रूपे आपापल्या नावांनी विकतात, काही वितळलेल्या क्षारांऐवजी वायूच्या भट्टीत तेच काम करतात. नावे वेगळी असली तरी विचारायची गोष्ट एकच: पृष्ठभागात नायट्रोजन शिरवला आहे की वरून काळा रंग दिला आहे?

इथे एक गैरसमज हमखास होतो. नायट्राइड केलेल्या स्लाइडच्या कडा काही वर्षांनी राखाडी पडल्या की थर गेला असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात गेलेला असतो तो वरचा काळा ऑक्साइड किंवा फॉस्फेट. नायट्राइडचा थर राखाडी रंगाचा असतो आणि तो तिथेच असतो. ब्लूइंगची रुपेरी कड म्हणजे उघडे पोलाद, नायट्राइडची राखाडी कड म्हणजे तसेच शाबूत संरक्षण. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात.

म्हणून ही पद्धत निर्दोष आहे असे नाही. ज्या पोलादाचे पाणी ५७० अंशांपेक्षा कमी तापमानाला उतरवून, म्हणजे कडक केल्यावर ते पुन्हा तापवून, हवे ते काठिण्य मिळवलेले असते, ते या उष्णतेने आतून मऊ पडते. त्यामुळे पोलादाची निवड आणि उष्णतासंस्करण आधीपासून या प्रक्रियेला जुळवून घ्यावे लागते. स्टेनलेसमध्ये नायट्रोजन क्रोमियमला पकडून क्रोमियम नायट्राइड बनवतो, आणि मग गंज रोखण्यासाठी मोकळे क्रोमियम कमी उरते. नायट्राइड केलेले स्टेनलेस काठिण्यात खूप पुढे जाते, पण गंजरोधकतेत दुप्पट लाभ झाला असे समजू नये.

आणि सर्वांत दुर्लक्षित जागा ही: लाल ठिपक्याचा नेमदर्शक बसवण्यासाठी स्लाइडच्या वरच्या बाजूला नंतर खाच कापली जाते. कापणारे हत्यार नायट्राइडचा थर पूर्ण ओलांडून खाली जाते, म्हणजे त्या खाचेचा तळ आणि भिंती हे कोरे मिश्र पोलाद असते. वरून नेमदर्शक स्क्रूने घट्ट बसतो, घाम कडेने आत झिरपतो, आणि महिनोन्‌महिने ती जागा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. बॅटरी बदलायला किंवा स्क्रू तपासायला नेमदर्शक काढला की खाली तांबूस पूड दिसते. नंतर कापलेल्या प्रत्येक खाचेवर वेगळा लेप द्यायलाच हवा. कापणारा तो देतो का, हे आधी विचारून घ्यावे.

डीएलसी आणि निर्वातातले थर

टायटॅनियम नायट्राइड हा सोनेरी थर आणि डीएलसी या नावाने ओळखला जाणारा, हिऱ्यासारख्या गुणांचा काळा कार्बन थर, हे दोन्ही निर्वात कक्षात चढवले जातात. त्यांची जाडी एक ते चार मायक्रॉन एवढीच असते, म्हणून स्लाइडची मापे जवळजवळ बदलत नाहीत. काठिण्य मात्र अफाट: टायटॅनियम नायट्राइड विकर्स मापावर दोन हजारांच्या पुढे, तर नायट्राइड केलेले पोलाद किंवा कठीण क्रोम हजाराच्या अलीकडे-पलीकडे. डीएलसीचे घर्षणही फार कमी असते. मोटारींच्या इंजिनांतील काही भागांवर तो याच कारणासाठी वापरतात. रुळांवरच्या खोबणी आणि नळीचा बाहेरचा भाग यांसाठी याहून चांगला थर मला माहीत नाही.

पण काठिण्याचा हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, मऊ पोलादावरचा अतिकठीण पातळ थर म्हणजे गादीवर ठेवलेली काच. वरून जोराचा टोला बसला की खालचे पोलाद दबते आणि थर तडकतो. म्हणून चांगले कारखाने डीएलसीखाली आधी नायट्रायडिंग करतात किंवा मधे क्रोमियमसारख्या धातूचा जोडथर देतात. दुसरी, या थरांत सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि काही मायक्रॉनच्या जाडीत ती बुजण्याची शक्यता नसते. साध्या मिश्र पोलादावर नुसता डीएलसी दिला तर तो झिजणार नाही, पण छिद्रांतून गंज येईल. स्टेनलेसवर तोच थर उत्तम शोभतो आणि टिकतो. निर्वात पद्धतीत कण बव्हंशी सरळ रेषेत प्रवास करतात, त्यामुळे खोल, अरुंद जागांत थर विरळ बसतो हेही लक्षात ठेवावे. पृष्ठभागावरचा प्रत्येक ओरखडा या पातळ थरातून जसाच्या तसा दिसतो. तो लपवण्याचे काम डीएलसी करत नाही.

सेराकोट आणि भाजलेले लेप

सेराकोट हा पॉलिमर आणि सिरॅमिक कणांचा फवारून दिला जाणारा, नंतर भाजून पक्का केला जाणारा लेप आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकारासाठी वस्तू पूर्ण तेलविरहित करून ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांनी खरवडतात, लेप फवारतात आणि सुमारे १२० अंशांना दोन तास भाजतात. हे तापमान इतके कमी आहे की पोलादाच्या संस्करणाला कोणताही धोका पोहोचत नाही. रंग हवे तेवढे मिळतात, आणि बहुतेक लोक खरे तर रंगासाठीच तो घेतात. त्यात गैर काही नाही.

गंज रोखण्यात सेराकोट वर उल्लेखिलेल्या बहुतेक थरांहून सरस आहे, कारण तो जाड, सलग आणि विद्युतरोधक आहे. घाम पोलादापर्यंत पोहोचतच नाही. झिजेत मात्र तो धातूंच्या पंक्तीत बसत नाही. जाहिरातींत ‘९एच काठिण्य’ असे लिहिलेले असते. तो आकडा पेन्सिल चाचणीचा आहे: ठरावीक कोनात धरलेल्या, चढत्या काठिण्याच्या पेन्सिलींनी लेपावर रेघ ओढून पाहतात, आणि ९एच ही नेहमीच्या संचातली सर्वांत कठीण पेन्सिल असते. रंगांच्या जगात ही मोठी मजल आहे, पण पोलादाच्या काठिण्याशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. म्यानात रोज जा-ये करणाऱ्या स्लाइडच्या पुढच्या कडांवर सेराकोट कालांतराने जातोच, आणि तो गेला की खाली जे असेल ते उघडे पडते. खाली कोरे पोलाद असेल तर त्या ठिकाणाहून गंज लेपाखाली कडेकडेने सरकू लागतो; खाली मँगनीज फॉस्फेट असेल तर हे सरकणे बरेच रोखले जाते; आणि खाली नायट्राइड असेल तर काळजीचे कारणच फारसे उरत नाही.

जाडीचा मुद्दा इथे खरा अडवतो. लेप साधारण २५ मायक्रॉनचा असतो, म्हणून जाणता कारागीर रुळांच्या खोबणी, नेमदर्शकांच्या खाचा आणि फायरिंग पिनचा बोगदा झाकून मगच फवारतो. स्लाइड परत मिळाल्यावर ती चौकटीवर स्वतःच्या वजनाने सरकते का ते पाहावे. अडखळत असेल तर आत लेप गेला आहे.

मिठाच्या फवाऱ्याचे तास कसे वाचावेत

सर्वच उत्पादक मिठाच्या फवाऱ्यातल्या चाचणीचे तास सांगतात. एएसटीएम बी११७ ही त्या चाचणीची मानक पद्धत १९३९ पासून चालत आलेली आहे: बंद पेटीत ३५ अंश तापमानाला ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके अखंड सोडायचे आणि गंज कधी दिसतो ते नोंदवायचे. एकाच कारखान्यात आजचे काम कालच्या कामाइतके चांगले झाले का, हे तपासायला ती उत्तम आहे. पण पाचशे तास म्हणजे अमुक वर्षे, असे गणित त्यातून निघत नाही. प्रत्यक्षात स्लाइड भिजते आणि वाळते, पुन्हा भिजते. वाळताना क्षार घट्ट होतात आणि हे चक्र अखंड ओलाव्यापेक्षा वेगळ्या रीतीने घातक ठरते. शिवाय चाचणी बहुधा सपाट, न घासलेल्या पट्टीवर होते, तर स्लाइडला कडा, खाचा आणि कोपरे असतात. काहींनी तासांच्या आकड्यासोबत पट्टीवर मुद्दाम मारलेल्या रेघेपासून गंज किती सरकला हेही दिलेले असते. ही माहिती तासांपेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण ती फाटलेल्या थराबद्दल बोलते.

निवड करताना

रोज अंगावर बाळगायच्या, मिश्र पोलादाच्या स्लाइडसाठी नायट्रायडिंग हा पाया असावा. रंग हवा असेल किंवा घाम फार येत असेल तर त्यावर सेराकोट. भरपूर नेमबाजी करणाऱ्या आणि काटेकोर मापांचे पिस्तूल वापरणाऱ्या व्यक्तीला स्टेनलेसवर डीएलसी शोभतो. कठीण क्रोम आणि निकेलचे मुलामे आजही चांगलेच आहेत, मात्र ते देणारा कारखाना मुलाम्याआधी पृष्ठभाग किती स्वच्छ करतो आणि नंतर भाजतो की नाही, यावर सारे अवलंबून असते. धातूवर तेलाचा एक ठसा राहिला तरी कोणताही मुलामा तिथे सुटतो. ब्लूइंग ज्याला आवडते त्याने ते जरूर ठेवावे, पण हात लागला की तेलाचे फडके फिरवण्याची सवयही ठेवावी. कोणताही थर असो, पिस्तूल चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नये. चामडे ओलावा आणि कमावताना वापरलेले क्षार धरून ठेवते.

काम बाहेर देण्यापूर्वी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री, सर्व भाग सुटे करणे आणि नेमदर्शक काढणे हे ओघाने आलेच. अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम या किरणोत्सारी वायूच्या नळ्या असलेले नेमदर्शक तर भट्टीच्या जवळपासही जाऊ नयेत. शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात देण्याविषयीचे कायदे देशोदेशी निराळे आहेत आणि बहुतेक ठिकाणी असे काम परवानाधारकच करू शकतो. अनुक्रमांक पॉलिशने पुसट झाला किंवा लेपाखाली बुजला तर तो अनेक देशांत गंभीर गुन्हा ठरतो, म्हणून ती जागा खरवडू नये, असे कारागिराला लेखी सांगावे. जुन्या, संग्राह्य पिस्तुलाच्या बाबतीत मात्र नवा थर देण्याचा विचारच सहसा सोडून द्यावा. नव्या थरासाठी आधी पॉलिश करावे लागते, त्यात कडा गोलावतात, कोरलेली अक्षरे उथळ होतात, आणि संग्राहकांच्या लेखी विरळ झालेल्या मूळ ब्लूइंगची किंमत चकचकीत नव्या थरापेक्षा पुष्कळ जास्त असते. अशा स्लाइडवरचा सुटा गंज तेलात भिजवलेल्या फडक्याने हलकेच काढावा आणि त्यावर तेल किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा.